तारण झालं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी?

चर्चमध्ये लोक आपल्या विश्वासाची साक्ष देतात, ती ऐकायला मला आवडते. कुणीतरी उभं राहतं, सांगतं की अमुक साली अमुक सभेत गुडघे टेकले, रडलो, प्रभूला जीवन दिलं. दारू सुटली, मारामाऱ्या सुटल्या, रात्रीची झोप परत आली. सगळं अगदी बारीकसारीक, त्या दिवशी पाऊस होता की ऊन इथपर्यंत. आणि मग शेवटी एकच वाक्य येतं, "तेव्हापासून आजपर्यंत प्रभूनेच चालवलंय, आमेन." झालं. एका संध्याकाळीला वीस मिनिटं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांना एक ओळ. मला दरवेळी वाटतं, अहो, तेच सांगा ना जरा! घरात बोलायची पद्धत बदलली का, पैशाचे जुने घोळ निस्तरले का, ज्या भावाशी बोलणं बंद होतं त्याच्याशी पुढे काय झालं, आणि अजून काय काय जमत नाही ते पण सांगा.

यात साक्ष देणाऱ्याचा काही दोष नाही. आपण सगळ्यांनी मिळूनच तारण, म्हणजे पापातून सुटका, एका तारखेत बसवून टाकलंय. "तुमचं तारण झालंय का?" "हो, झालंय." विषय संपला. नाहीतर मग एकदम दुसरं टोक, म्हणजे तारण ही मेल्यानंतरची सोय. एक टोक मागे, एक टोक पुढे, आणि मधे हा जो आजचा मंगळवार पडलाय, डोकं दुखतंय, ऑफिसात साहेबाचं तोंड वाकडं आहे, घरात कुणाशी तरी अबोला आहे, त्याचं काय करायचं?

बायबलमध्ये मात्र हे इतकं कप्पेबंद नाही. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल लिहितो की कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालेलं आहे. करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिताना तो ज्यांचं तारण होत आहे अशा लोकांबद्दल बोलतो, म्हणजे काम चालू आहे. आणि रोमच्या लोकांना सांगतो की आपण विश्वास ठेवला तेव्हापेक्षा तारण आता जास्त जवळ आलंय. माणूस तोच, तारण तेच. म्हणजे झालंय, होतंय आणि व्हायचंय, तिन्ही खरं. आपण पहिलं आणि तिसरं पाठ केलं आणि मधलं सोडून दिलं, कारण मधल्यातच सगळी कटकट आहे.

याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे फिलिप्पैचा तो जेलर. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सोळावा अध्याय. गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण आपण ती बहुतेक अर्ध्यावरच सोडतो. पौल आणि त्याचा सोबती सीला यांनी एका दासीतून भविष्य सांगणारा आत्मा काढला, तिच्या मालकांचा धंदा बुडाला, त्यांनी दोघांना बाजारात फरफटत नेलं, अधिकाऱ्यांनी कपडे फाडून छड्यांनी मारायला लावलं. पुष्कळ फटके पडले असं लिहिलंय. मग बंदिशाळा. जेलरने दोघांना अगदी आतल्या कोठडीत टाकलं आणि पाय खोड्यात अडकवले. पाठी फाटलेल्या, रक्त आलेलं, त्याने बघितलंच असणार. काही केलं नाही. त्याची ड्युटी तेवढीच होती, कैदी पळता कामा नये.

मध्यरात्री भूकंप, दारं उघडी, बेड्या सुटलेल्या. जेलरला वाटलं कैदी पळाले, तलवार उपसून स्वतःला मारायला निघाला. पौल आतून ओरडला, आम्ही सगळे इथेच आहोत. मग दिवे मागवून तो आत धावला, कापत कापत त्यांच्यापुढे पडला, आणि तो प्रसिद्ध प्रश्न विचारला की माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू? उत्तर एका ओळीत मिळालं, प्रभू येशूवर विश्वास ठेव म्हणजे तुझं आणि तुझ्या घराण्याचं तारण होईल. प्रवचनं साधारण इथे थांबतात, आणि पुढे "आज कोण कोण विश्वास ठेवणार?" असं आवाहन होतं.

पण थोडं पुढे वाचा. रात्रीच्या त्याच घटकेला त्याने त्यांना बाहेर नेऊन त्यांच्या जखमा धुतल्या. मग बाप्तिस्मा. मग घरी नेऊन त्यांना जेवायला वाढलं. जखमा आधी, बाप्तिस्मा नंतर! मला या क्रमाचं फार कौतुक वाटतं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं की विश्वास ठेवल्याची खूण म्हणून पाणी आण. पाठीवरचं वाळलेलं रक्त एका फटक्यात निघत नाही, ते भिजवावं लागतं, हळूहळू पुसावं लागतं, मधेच समोरचा कळवळतो, मग थांबावं लागतं. संध्याकाळी ज्या हातांनी पाय खोड्यात घातले त्याच हातांनी हे चाललंय. आणि ज्या जखमा संध्याकाळी त्याला दिसूनही दिसल्या नव्हत्या त्या आता दिसायला लागल्यात. तारणाने त्याचं काय झालं असं कुणी विचारलं तर मी आधी हेच म्हणेन, त्याला दुसऱ्याची पाठ दिसायला लागली.

आणि अजून एक, यावर फारसं कुणी बोलत नाही. सकाळ झाली. अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की त्या माणसांना सोडून दे. हा निरोप पौलाला कुणी सांगितला? त्याच जेलरने. म्हणजे सकाळी हा माणूस परत आपल्या कामावर. तीच बंदिशाळा, तेच अधिकारी. आत बाकीचे कैदी होतेच की, त्यांच्यासाठी भूकंपाच्या रात्रीनंतर उजाडलेली ही साधी सकाळ होती. त्यांच्याशी तो आता कसा वागला असेल? पुढच्या वेळी कुणाला मारून आणलं तेव्हा त्याने काय केलं असेल? लिहिलेलं नाही. पण त्याचं तारण रोज जगायचं म्हणजे हेच होतं ना, त्या कैद्यांबरोबर.

ही रात्र साधारण इसवी सन 50 च्या आसपासची. पुढे दहा-बारा वर्षांनी पौलाने याच फिलिप्पै गावातल्या मंडळीला पत्र लिहिलं. परंपरा सांगते की रोममधून, तेव्हा तो स्वतः परत बेड्यांतच होता. आणि त्या पत्रात ते वाक्य आहे ज्याच्यावर लोक अडखळतात, भीत व कापत आपले तारण साधून घ्या. पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं जायचं. तो जेलर तेव्हा जिवंत असेल आणि तिथे बसलेला असेल तर? तसं काही लिहिलेलं नाही, हे आपलं माझ्या मनातलं. पण कापण्याचा अनुभव त्या मंडळीत निदान एकाला तरी चांगलाच ठाऊक होता!

आता यावर वाद ठरलेला. कृपेने तारण होतं म्हणता आणि परत साधून घ्या म्हणता, मग कमवायचंच झालं की! हा वाद जुना आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला कृपेची एवढी आच होती की कर्मांवर भर देणाऱ्या बायबलमधल्या याकोबाच्या पत्राला त्याने 1522 साली चक्क गवताचं पत्र म्हटलं. आणि हाच ल्यूथर, 1517 साली त्याने जे 95 मुद्दे मांडले त्यातला अगदी पहिला मुद्दा काय, तर विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं ही प्रभूची इच्छा आहे. एकदाच केलेला पश्चात्ताप नव्हे, सगळं आयुष्य. त्यामुळे ल्यूथरचं नाव घेऊन "आपल्याला आता काही करायचं नाही" असं कुणी म्हणत असेल तर त्याने ल्यूथर पहिल्या मुद्द्यापर्यंतसुद्धा वाचलेला नाही.

मला हे गुडघ्याच्या ऑपरेशनसारखं वाटतं. ऑपरेशन डॉक्टरने केलं, पेशंट तेव्हा बेशुद्ध, त्याचा त्यात काडीचाही वाटा नाही. नवा सांधा बसला, ते पक्कं. पण दुसऱ्या दिवशी फिजिओवाला येऊन उभा राहतो आणि म्हणतो, चला उठा. दुखतं, घाम फुटतो, शिव्या द्याव्याशा वाटतात. तो व्यायाम म्हणजे काही ऑपरेशनची फी नाही, आणि व्यायाम केला म्हणून सांधा बसला असंही नाही. सांधा बसलाय म्हणूनच तर आता चालायचं. आणि जो म्हणतो ऑपरेशन झालंय मग मी कशाला हलू, त्याचा पाय आखडतो.

बरं, पौल तिथे थांबतही नाही. लगेच पुढच्या ओळीत म्हणतो की इच्छा करणं आणि कृती करणं ही दोन्ही तुमच्यात देवच साधून देतो. इच्छा सुद्धा! हे मला फार दिलासा देणारं वाटतं कारण खरी बोंब तिथेच असते. काय करायचं ते बहुतेक वेळा माहीत असतं, करायची इच्छाच नसते. क्षमा करायला हवी हे कळतं पण करावीशी वाटत नाही, उलट तो राग जपून ठेवायला बरं वाटतं, अधूनमधून काढून बघायला. अशा वेळी प्रार्थना सुद्धा दोन पायऱ्या खालून सुरू करावी लागते. प्रभू, क्षमा करायची शक्ती दे, हे नंतर. आधी, प्रभू, मला क्षमा करावीशी वाटू दे. कधी कधी अजून एक पायरी खाली. असं वाटावं असं वाटू दे. तिथपासून देव काम करायला तयार आहे, हे त्या ओळीत लिहिलंय.

आणि भीत व कापत म्हणजे नरकाच्या भीतीने थरथरणं असं मला वाटत नाही. देव स्वतः आत काम करतोय म्हटल्यावर ते हलक्यात कसं घेणार, ही ती भीती. नवजात बाळ पहिल्यांदा हातात घेताना हात कापतात, ते बाळाला घाबरून नाही कापत.

आता सगळ्यात गंमत म्हणजे या एवढ्या भारदस्त वाक्यानंतर पौल नेमकं करायला काय सांगतो. त्याच्या आधीच्या ओळींत त्याने ख्रिस्त कसा देवाच्या स्वरूपाचा असून दास झाला, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला हे सांगितलंय, ख्रिस्ती धर्मातल्या सगळ्यात उंच ओळींपैकी त्या ओळी. मग भीत व कापत तारण साधून घ्या. वाचणारा श्वास रोखून बसतो की आता काय येणार, चाळीस दिवसांचा उपास? सगळं विकून मिशनरी व्हायचं? आणि पौल म्हणतो, जे काही कराल ते कुरकुर न करता आणि वाद न घालता करा.

कुरकुर! बस एवढंच? पण थोडा विचार केला की कळतं, हे एवढंसं नाहीये. मोठे त्याग माणूस करतो, चार लोक बघत असतात, आतून एक जोर येतो. कुरकुर न करणं हे कुणाला दिसतच नाही. ती न झालेली गोष्ट असते, तिची साक्ष पण देता येत नाही. इस्राएल लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटले, समुद्र दुभंगला, सुटका तर झाली, आणि लगेच रानात काय सुरू झालं तर कुरकुर. पाणी कडू आहे, पूर्वीचं जेवण बरं होतं. गुलामगिरीतून बाहेर पडायला एक रात्र लागली आणि कुरकुर जायला चाळीस वर्षं पुरली नाहीत. पौलाच्या डोक्यात तेच रान असणार असं बरेच अभ्यासकही म्हणतात.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत. त्यांच्या वडिलांना विस्मरण झालंय, मुलगा म्हणून ओळखतात पण बाकी सगळं पुसट. संध्याकाळ झाली की वडील विचारतात, दाराला कडी लावलीस का? हे उठतात, दारापर्यंत जातात, कडी काढून परत सरकवतात, तिचा आवाज होऊ देतात, येऊन सांगतात, लावली बाबा. पाच मिनिटांनी परत तोच प्रश्न, परत उठणं. मी बसलो होतो तेवढ्या वेळात हे कितीतरी वेळा झालं. मी म्हटलं, बसल्या जागेवरून सांगितलं तर नाही का चालत? ते म्हणाले, इथून सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही, रात्रभर घाबरतात. कुठलं वचन नाही, उपदेश नाही. आणि मग हसून म्हणाले, कधी कधी खूप चिडतो हं मी, स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो दोन मिनिटं. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय मला त्या दिवशी जेवढा समजला तेवढा प्रवचनातून समजला नव्हता.

अर्थात, तारण जगायचं म्हणजे गप्प बसून सहन करायचं, एवढाच अर्थ कुणी घेऊ नये. हे मुद्दाम सांगतोय कारण मार खाणाऱ्या बाईला "कुरकुर करू नकोस" म्हणून परत त्याच घरात पाठवणारे लोक मंडळीत असतात आणि ते पाप आहे. स्वतः पौलच बघा ना. सकाळी सुटकेचा निरोप आल्यावर तो मुकाट्याने निघून नाही गेला. म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप घालवता काय? स्वतः येऊन बाहेर काढा. अधिकाऱ्यांना यावं लागलं. अन्यायाला अन्याय म्हणणं ही कुरकुर नव्हे.

पैशाचं पण बोलायला हवं, कारण तिथे आपण एकदम अध्यात्मिक होतो. जक्कय या जकातदाराचं तारण येशूने "आज" म्हणून जाहीर केलं ते कधी? जक्कय उभा राहून हिशोब सांगतो त्यानंतर. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत. मोशेच्या नियमाप्रमाणे स्वतःहून कबूल करणाऱ्याला मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा एवढंच द्यावं लागायचं. मेंढरू चोरून मारलं किंवा विकलं तर चौपट. म्हणजे याने स्वतःला थेट चोराच्या रांगेत नेऊन उभं केलं. कुणी न सांगता. येशू फक्त त्याच्या घरी आला होता.

पण सगळ्यांचं जक्कयासारखं एका दुपारी होत नाही. जॉन न्यूटनचं बघा, अमेझिंग ग्रेस हे गाणं लिहिणारा. 1748 च्या मार्चमध्ये अटलांटिक समुद्रात त्याचं जहाज वादळात सापडलं, त्याने देवाचा धावा केला, वाचला, आणि तो दिवस तो आयुष्यभर पाळत आला. झालं ना तारण? आणि त्यानंतर 1750 ते 1754 हा माणूस गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. वर डेकवर रविवारी खलाशांसाठी उपासना चालवायचा, केबिनमध्ये बायबल वाचायचा, बायकोला भक्तीने भरलेली पत्रं लिहायचा, आणि खाली साखळ्यांत बांधलेली माणसं. समुद्र सोडला तो पण विवेकबुद्धी जागी झाली म्हणून नाही, अचानक आजारी पडला म्हणून. 1764 मध्ये पाळक झाला. कृपेचं ते गाणं 1773 च्या पहिल्या दिवशी त्याच्या मंडळीत म्हटलं गेलं. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघडपणे पुस्तिका कधी लिहिली, तर 1788 मध्ये. त्यात कबूल केलं की मी स्वतः यात होतो आणि याची लाज मला कायम राहील. पार्लमेंटच्या समितीपुढे पण जाऊन बोलला. 1807 मध्ये ब्रिटनने तो व्यापार कायद्याने बंद केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन गेला.

वादळापासून पुस्तिकेपर्यंत 40 वर्षं. काही लोक म्हणतात मग तो 1748 चा अनुभव खोटाच. मला तसं वाटत नाही. अनुभव खरा होता, पण डेकवरून खाली माणसं होती तिथपर्यंत पोचायला तारणाला एवढा वेळ लागला, आणि तोपर्यंत त्या खालच्यांनी जे भोगलं ते काही कुणाच्या साक्षीने भरून येत नाही. ही गोष्ट मला दिलासा पण देते आणि झोप पण उडवते. दिलासा असा की देव सोडून देत नाही. झोप यासाठी उडते की न्यूटन ढोंगी नव्हता. रोज प्रामाणिकपणे प्रार्थना करत होता, आणि त्याला दिसत नव्हतं. त्याच्या काळातल्या बहुतेक सभ्य लोकांना दिसत नव्हतं. मग आपल्या डेकखाली आज कोण आहे? आपण रोज प्रार्थना करून नीट झोपतो त्याच्या खाली? हे एकट्याने शोधून सापडत नाही, कारण न दिसणं हाच तर आजार आहे. दुसरं कुणीतरी लागतं तोंडावर सांगायला, आणि आपल्याला ऐकून घ्यायची तयारी लागते, जी माझ्या मते बायबल पूर्ण वाचून काढण्यापेक्षा अवघड आहे.

लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की माझ्यामागे यायचं तर दररोज आपला वधस्तंभ उचला. मत्तय आणि मार्क यांच्यात हेच वाक्य आहे पण त्यात दररोज नाही. लूकनेच ते लिहून ठेवलं आणि आपली पंचाईत केली. एकदाचं मोठं काहीतरी करून मोकळं व्हायची सोयच ठेवली नाही. प्रभूच्या प्रार्थनेत पण तसंच, रोजची भाकर मागितली की लगेच पुढे क्षमेचं येतं, आम्हाला सोड आणि आम्ही पण सोडलंय. भूक रोज लागते आणि कुणी ना कुणी रोज दुखावतंच, म्हणून बहुतेक ही दोन्ही एकाच श्वासात.

त्यामुळे मला हल्ली फिलिप्पैकरांस पत्रातला शेवटचा अध्याय जास्त जवळचा वाटतो. तिथे पौल दोन बायकांची नावं घेतो, युवदीया आणि सुंतुखे. दोघींनी त्याच्याबरोबर सुवार्तेसाठी कष्ट केलेत, दोघींची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत असं तो त्या ओळीतच सूचित करतो, म्हणजे तारणाबद्दल शंका नको. पण दोघींचं पटत नाहीये. कशावरून ते लिहिलेलं नाही, बरंच आहे, नाहीतर आपण बाजू घेतल्या असत्या. विचार करा, पत्र सगळ्या मंडळीसमोर वाचलं जातंय आणि मधेच आपलं नाव येतं! पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, युवदीयेला विनंती करतो, सुंतुखेला विनंती करतो. कोण चूक, कोण बरोबर, काही नाही. आणि मग तिसऱ्याच कुणाला तरी म्हणतो, माझ्या खऱ्या सोबत्या, तू या दोघींना मदत कर.

हा सोबती कोण ते आजपर्यंत कुणाला नक्की सांगता आलेलं नाही. दोघींचं पुढे जमलं का तेही पत्रात नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या माणसाला आपली कामं बाजूला ठेवून आधी एकीच्या घरी आणि मग दुसरीच्या घरी जावं लागलं असणार, आणि पहिल्या घरी बसल्या बसल्या दुसरीने काय काय केलं त्याची सगळी कहाणी पहिल्यापासून ऐकावी लागली असणार.